अधांतरी दार

अकराच्या सुमारास टेलरबाईंनी गॅरेजच्या दाराचं बटण दाबलं. दार नेहमीसारखं कुरकुरत चढलं, डोक्यापेक्षा हातभर वर गेलं, आणि वरच्या अंगाला असा काही आवाज झाला की शेजारचं कुत्रं भुंकायचंच विसरलं. मोटर कण्हली आणि बंद पडली. दार होतं तिथेच लटकत राहिलं, रुळांच्या वळणावर अर्धं उभं, अर्धं आडवं.

गॅरेज आपलं नावाला. गाडी विकून जमाना झाला होता. आत दोन शिलाई मशिनी, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेला लांब दांडा. दार वर गेलं की दुकान उघडलं, खाली आलं की बंद, एवढा सोपा हिशेब. बाईंनी मान वर करून पाहिलं. दाराच्या वर भिंतीलगत एक आडवा लोखंडी दांडा होता आणि त्यावर मनगटाएवढ्या जाड दोन स्प्रिंगा. डावीकडची मधोमध तुटून तिच्यात चार बोटांची फट पडली होती.

"काय फुटलं?" घरातून वस्ताद आले.

वस्ताद म्हणजे बाईंचे यजमान. बत्तीस वर्षं लिफ्टच्या कामात घालवलेला माणूस. हे नाव त्यांना हाताखालच्या लोकांनी दिलेलं. नजर अधू झाली म्हणून कंपनीने आठ महिन्यांपूर्वी घरी बसवलं, आणि तेव्हापासून घरातल्या एकाही वस्तूला सुख नव्हतं. चालता पंखा उघडून झाला होता. न गळणारा नळ गळायला लागला होता. बाई रोज दहा वेळा "राहू द्या हो" म्हणत, आणि दहाही वेळा वस्तादांचा चेहरा थोडा थोडा पडे. हे बाईंना दिसत होतं. पण घरातल्या वस्तू तरी किती बळी द्यायच्या?

दाराच्या आतल्या बाजूला दारवाल्याचा नंबर चिकटवलेला होता. बाईंनी लावला.

"दार वर आहे की खाली?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"वर."

"ताई, नीट ऐका. दाराखालून कोणी जायचं नाही, यायचं नाही. मोटरचा प्लग काढून टाका. आणि मोटरच्या रुळाला लाल मुठीची दोरी लोंबते ना, तिला अजिबात हात लावायचा नाही. ती ओढली की दार मोटरपासून सुटतं. मग त्याला धरणारं कुणी नाही. मी दोन तासांत पोचतो."

बाईंनी प्लग काढला आणि ऐकलेलं जसंच्या तसं वस्तादांना सांगितलं. तिथेच चुकलं. दुसऱ्या कारागिराचा शब्द वस्तादांना मिरचीसारखा झोंबला.

"दोन तास दुकान सताड उघडं ठेवणार? अगं, एक स्प्रिंग तुटली, दुसरी ठणठणीत आहे. लिफ्टला पाच दोर असतात. चार तुटले तरी पाचवा एकटा अख्खी लिफ्ट तोलतो, आतल्या माणसांसकट. उगाच जोडीने लावतात का? दोरी ओढायची, दार हाताने अलगद खाली घ्यायचं. संपलं."

"अहो, ती लिफ्ट, हे दार."

"भार तो भार. तू मला भार शिकवतेस?"

आणि त्यांनी स्टूल ओढलंसुद्धा. स्टूलवर चढताना त्यांचा पाय पायरीवर दोनदा चाचपडला. दाराचा खालचा काठ त्यांच्या कपाळाच्या सरळ रेषेत होता. ओरडून हा माणूस उतरणार नाही. ओरडलं की तो हमखास उलटं करतो, हे तीस वर्षांच्या संसाराने त्यांना शिकवलं होतं. हाताला धरून ओढावं तर स्टूल डुगडुगतंय. मग त्यांना राग आला, आणि रागात माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. त्या चालत गेल्या आणि बरोबर दाराच्या काठाखाली, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"एवढी खात्री आहे ना? मग ओढा. मी इथेच उभी आहे."

"वेडी आहेस का? बाजूला हो."

"का? अलगद येणार आहे ना खाली?"

समोर रस्ता, पलीकडच्या फुटपाथवर एक बाई ढकलगाडीतल्या मुलाला टोपी घालत होती. दाराची सावली बाईंच्या पावलांवरून आडवी गेली होती. वरून गंजाची बारीक भुकटी त्यांच्या खांद्यावर पडली. ती झटकायलाही त्यांचा हात उठेना. मागे कुठेतरी लोखंड किंचित कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मग स्टूल वाजलं. वस्ताद उतरले होते.

"ये आत," ते म्हणाले. "येऊ दे तुझ्या त्या दारवाल्याला."

बाई आत आल्या तेव्हा त्यांचं मन हलकं झालं होतं. खोटं कशाला सांगायचं, त्या सुखावल्या होत्या. या माणसाने उभ्या जन्मात कधी दोन गोड शब्द काढले नाहीत. आज न बोलता सांगितलं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. हात गार पडला होता आणि तळव्यावर लाल वळ उठला होता.

दारवाला आला तो घरातून, दाराखालून नव्हे. आधी त्याने दोन्ही बाजूंच्या रुळांना पकडी आवळल्या, मग दाराखाली दोन लाकडी टेकू ठोकून बसवले. तोवर त्याने दोघांना भिंतीशी उभं केलं होतं.

"दुसरी स्प्रिंग आहे की शाबूत," वस्ताद हळूच म्हणाले.

"काका, इथेच सगळे फसतात. दोन्ही मिळून एक दार उचलतात, निम्मं निम्मं. एक गेली की निम्मं दार नुसतं वजन." त्याने लाल मूठ धरून खेचली. दोरी हलली नाही. "बघितलंत? भार आला की आतली कडी दाबून बसते. कधी सुटते, कधी नाही. भरवसा नाही तिचा."

त्याने टेकूखाली जॅक लावून दार बोटभर उचललं. आता दोरी ओढताच कडी खट्कन सुटली. मग पकडी आणि टेकू काढून तिघांनी मिळून दार खाली घेतलं. बाईंच्या खांद्यातून कळ गेली, वस्तादांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि तिघांच्या हातून निसटून दार शेवटची वीत धाडकन आदळलं. फरशीचा टवका उडाला.

"नशीब तुमचं," दारवाला हात झटकत म्हणाला. "काळ आला होता, वेळ आली नव्हती. आता दोघं घरात जा. दुसरीतला ताण मी उतरवतो, तेव्हा इथे कुणी नको."

स्वयंपाकघरात वस्ताद बेसिनशी उभे राहून कितीतरी वेळ हात धूत राहिले. बाई खुर्चीत बसल्या. भिंतीपलीकडून लोखंडी सळीचा टकटक आवाज येत होता.

"बरं झालं, माझं ऐकलंत," त्या म्हणाल्या.

वस्तादांनी नळ बंद केला. वळले नाहीत.

"मी ओढली होती."

"काय?"

"दोरी. तू पाठमोरी उभी होतीस तेव्हा. पहिल्यांदा हलली नाही." त्यांनी तळवा पुसला. "म्हणून मग दोन्ही हातांनी."