दिवे लावले की कण्हणारी गाडी

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बॉनेट उघडून ठेवलेल्या जुन्या गाडीभोवती माणसं दाटली होती आणि इंजिन चालू झालं की गाडी चक्क कण्हत होती. घरातल्या धाकट्या भावाला तर तो थोरल्याचा, दादाचाच आवाज वाटे. याच गाडीत दादाला दवाखान्यात नेताना उशीर झाला आणि वाटेतच तो गेला. तेव्हापासून धाकट्याला झोप नव्हती.

"दिवे लाव," चाकबाबा म्हणाले. गाड्यांना झालेली बाधा उतरवणं हा त्यांचा धंदा. बोटांत चार अंगठ्या, नखांत काळं वंगण.

दिवे लागले आणि कण्हणं वाढलं.

"बघितलंस? आत्म्याला उजेड सोसत नाही. विझव!" दिवे विझताच कण्हणं उतरलं. लोकांनी पटापट हात जोडले. "शनिवारी गाडी माझ्या दारात सोड. तोवर, आधी बजावलंय तसं, आजारी बाईने उंबरा ओलांडायचा नाही. नाहीतर दुसरा बळी!"

आजारी बाई म्हणजे धाकट्याची बायको. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. बाबांच्या धाकाने दोन खेपा चुकल्या होत्या. शेजाऱ्यांकडे गाडी मागितली तर सगळ्यांनी काखा वर केल्या. आत्मा आपल्या गाडीत शिरला तर!

"अहो, न्या ना मला," दारातून ती म्हणाली. चेहरा सुजलेला, दोन शब्दांनंतर धाप. धाकट्याचा जीव तीळतीळ तुटत होता, पण पाऊल उचलत नव्हतं.

तेवढ्यात गर्दी सारत वहिनी आली. दादाच्या माघारी शिलाई मशिनं दुरुस्त करून ती घर चालवत होती.

"भाऊजी, दिवे राहू द्या. पंखा लावा."

गाडीतला पंखा सुरू होताच कण्हणं पुन्हा वाढलं.

"का हो बाबा, ह्यांना आता वाऱ्याचंही वावडं झालं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनीने इंजिन बंद करायला लावलं, पान्याने नट ढिला करून अल्टरनेटर फिरवणारा पट्टा काढला. "आता सुरू करा. अर्धंच मिनिट, नाहीतर तापेल."

इंजिन चाललं. दिवे लावले, पंखा लावला. कण्हण्याचं नाव नाही.

"आत्मा घाबरला!" बाबा ओरडले.

"पट्ट्याला?" इंजिन बंद करवून वहिनीने धाकट्याचा हात अल्टरनेटरच्या चाकावर ठेवला. "फिरवा."

खर्रर्र. तोच आवाज, बोटांखाली.

"गाडीची वीज हा बनवतो. दिवे लावा, पंखा लावा, याच्यावर ओझं वाढतं. आतलं बेअरिंग झिजलंय, म्हणून जास्त ओरडतो. माझ्याकडे रोज कण्हणारी मशिनं येतात, त्यांत कुणाचा नवरा नसतो! आणि बाबा, हे वंगण कुठल्या गॅरेजातलं? दिवे लावले की हा ओरडतो हे ठाऊक होतं, म्हणूनच दिवे लावायला सांगितलंत ना!"

बाबांनी काढता पाय घेतला.

धाकटा चाक सोडेना. त्याला रडू फुटलं. दादा गाडीत नव्हता. कुठेच नव्हता.

"मलाही ते हवे होते हो तिथे," वहिनी हळूच म्हणाली. "पण हिला धाप लागलीय." मग ती गर्दीकडे वळली. "आवाज आला की आधी उघडून बघा. घाबरायचं की नाही ते मग ठरवा. एवढं केलं असतं तर ही आज अशी झाली नसती."

शेजारच्या टॅक्सीवाल्याने खाली मान घालून किल्ली पुढे केली.

"आणखी एक खेप चुकली असती तर हाती लागल्या नसत्या," दवाखान्यातली नर्स म्हणाली आणि दुसऱ्या रोग्याकडे गेली. थोड्या वेळाने बायकोच्या उशाशी असलेलं यंत्र एकाएकी कर्कश ओरडू लागलं. धाकट्याचे हात आपोआप जुळायला आले. तो थांबला. वाकून त्याने नळ्या एकेक करून बघितल्या.

"सिस्टर," त्याने हाक मारली, "इथे नळी दुमडलीय. बघता का?"