साहेबांची सही

ट्रकवाल्याच्या घरात माणसाआधी त्याचा हॉर्न येतो. या घरात तर त्याची रीतच ठरलेली होती. कोपऱ्यावर वळताना बाबा दोन आखूड आणि एक लांब हॉर्न द्यायचे, साहेब भुंकायचा आणि ते भुंकणं ऐकून आई चहा टाकायची. नुसत्या हॉर्नवर तिचा विश्वास नव्हता. "हॉर्न काय, कुणीही वाजवतं," ती म्हणायची. "साहेबांची सही झाली की मगच आधण."

साहेब म्हणजे कुत्रा. काम काडीचं नाही आणि रुबाब भारी, म्हणून नाव साहेब. तरुणपणी तो केबिनमध्ये बाबांच्या शेजारी बसून मुलूखभर हिंडला. म्हातारपणी घरी बसला आणि शेवटी शेवटी ठार बहिरा झाला. हे घरातल्या धाकट्या लेकीच्या लक्षात आलं होतं, पण बाबांना कळलं तर ते खचतील म्हणून तिने ते कुणालाच सांगितलं नाही. हॉर्न ऐकू आला की ती साहेबाला पायाने हळूच ढोसायची. साहेब दचकून उठायचा आणि तोंड असेल तिकडे भुंकून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा तोंड स्वयंपाकघराकडे असायचं. आत येऊन बाबा कौतुकाने म्हणायचे, "बघा, चहाची आठवण करतोय लेकाचा." धाकटी हो ला हो करायची.

आता साहेब गेला होता आणि आज बाबा खेपेवरून परत येणार होते. धाकटीने चष्म्याच्या दुकानातून सुट्टी घेतली होती.

बाबा निघाले तेव्हाच साहेबाचे मागचे पाय गेलेले होते. मग खाणं सुटलं, कण्हणं सुरू झालं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "औषधाने आता काही व्हायचं नाही. इंजेक्शन दिलं तर सुटेल बिचारा." बाबांचा फोन काही केल्या लागेना. आई म्हणाली, "माझ्याच्याने नाही होणार गं. तू ठरव." धाकटीने ठरवलं. साहेबाचं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली. आणि नंतर बाबांचा फोन आला तेव्हा एकदम बोलून गेली, "झोपेतच गेला हो बाबा. आपोआप."

तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. खरं सांगावं तर बाबा म्हणणार, माझ्या कुत्र्याला मला न विचारता मारलंस. न सांगावं तर जन्मभर त्यांच्या डोळ्यांना डोळा देता येणार नाही.

ट्रक आला तो हॉर्न न देताच आला. बाबा पायरीवर बसले आणि बूट काढायचं विसरून गेले. आई पाण्याचा तांब्या ठेवून आत वळली. चहाचं तिलाही सुचलं नाही.

"झोपेत गेला म्हणालीस," बाबा म्हणाले.

"नाही." धाकटीच्या तोंडून एक शब्द फुटला आणि मग सगळेच फुटले. "मी इंजेक्शन द्यायला सांगितलं. फार हाल होत होते हो त्याचे. तुम्हाला किती फोन केले! तुमच्या फोनला रेंजच नव्हती."

बाबांनी वाकून बुटाची नाडी ओढली.

"रेंज होती," ते म्हणाले. "फोन मीच बंद ठेवला होता."

धाकटी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांशी बोललो होतो मी. त्यांनी मलाही हेच सांगितलं. इंजेक्शनला न्यायचं म्हणून साहेबाला उचलून केबिनमध्ये ठेवलं, तर शेपूट हलवायला लागला. त्याला वाटलं, खेपेवर निघालोय. मग कसला नेतोय मी? परत आणून ठेवला आणि मिळाली ती लांबची खेप घेऊन पळालो. तुझा फोन कशासाठी येणार ते कळत होतं गं मला."

"आणि मी इकडे झुरून अर्धी झाले!" धाकटी ओरडली. "जेवत नाही, झोपत नाही! बाबा, कमाल आहे तुमची!"

"आहे खरी," बाबा म्हणाले. "ओरड. माझं काम तू केलंस. तू जवळ होतीस ना त्याच्या?"

"मांडीवर होता."

"मग झालं तर." त्यांनी डोळे पुसले.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. राग होता, रडू होतं, पण छातीवरचा धोंडा गेला होता आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली. आईने आणलेली पोळी तिने उभ्याउभ्याच खाल्ली.

मग बाबा गोदामात माल उतरवायला गेले. दिवस कलताना कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. सवयीने धाकटीचा पाय बाजूला गेला आणि रिकाम्या फरशीवर पडला. तिने आईकडे पाहिलं, फाटकाशी गेली आणि लाजलज्जा गुंडाळून रस्त्याकडे तोंड करून भुंकली. समोरच्या काकू गॅलरीतून वाकून बघायला लागल्या.

ट्रक फाटकाशी थांबला. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"साफ चुकलीस," ते म्हणाले. "साहेब स्वयंपाकघराकडे तोंड करून भुंकायचा. आणि तेसुद्धा तू ढोसल्यावर."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

बाबा हसत खाली उतरले. आतून आई ओरडली, "टाकलाय गं चहा!"