तळहातानं निवडलेला रेडिओ

काष्टीच्या बैलबाजारात सूर्यभान दलालाइतका कमी बोलणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचं कारण आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही अशी त्याच्या बायकोची, छबूबाईची खात्री होती. सूर्यभानचे कान गेले होते. एकदम नव्हे, चार वर्षांत हळूहळू मिटत गेले. पण बैलांचा सौदा तोंडानं होतच नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरून आकडा सांगतात आणि हात दाबला की सौदा पक्का. या उपरण्याच्या आडोशाला सूर्यभाननं आपलं बहिरेपण बिनबोभाट झाकलं होतं. लोक म्हणत, माणूस मोठा धीरगंभीर आहे. छबूबाईला हसू आवरत नसे.

कळलं असतं तर मात्र धंदा बसला असता. दलालाला आजूबाजूची कुजबुजच ऐकू येत नसेल तर त्याच्या हाती बैलजोडी कोण सोपवेल? त्यात साल एकाहत्तर. पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा हात आखडता घेतलेला, बाजार आधीच थंडावलेला.

अशात पुण्याला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचं, पुष्पावतीचं पत्र आलं. आकाशवाणीवर तिची गवळण लागणार होती, पुढच्याच बाजाराच्या दिवशी, दुपारी साडेबाराला. सूर्यभाननं पत्र तीनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"छबू, मला ऐकाया मिळंल का गं?" त्यानं विचारलं.

घरातला ट्रान्झिस्टर डबीत कोंडलेल्या माशीसारखा वाजायचा, तो त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. जीपमधला रेडिओ पोचायचा. लष्कराच्या लिलावातून निघून पुढं सूर्यभानकडं आलेल्या त्या जीपला आधीच्या मालकानं भलाथोरला स्पीकर बसवला होता. सूर्यभान एका हातानं जीप हाकायचा, दुसरा हात स्पीकरवर ठेवायचा, आणि मागून ट्रकचा हॉर्न आला की छबूबाई त्याच्या मांडीला चिमटा काढायची. असा त्यांचा संसार चालला होता. पण दिवाळीत तो रेडिओ धूळ खाऊन खाऊन बंद पडला तो पडलाच.

दोघं नगरला गेली. माळीवाड्यातल्या काकासाहेबांचं रेडिओचं दुकान नावाजलेलं. काकासाहेबांनी आधी बाईमाणूस रेडिओ घ्यायला आलेलं पाहून भुवया उंचावल्या, मग फळीवर बॅटरी मांडून तीन रेडिओ ओळीनं ठेवले. पहिला कोरा करकरीत, चकाकत्या बटणांचा. दुसरा मध्यम. तिसरा कुणाच्या तरी जुन्या गाडीतून काढलेला, काचेवर चरा गेलेला.

"हा घ्या पाटील, आवाज ऐका," म्हणत त्यांनी पहिला लावला. दुकान दणाणलं.

सूर्यभाननं मान डोलावली नाही. तो पुढं झाला आणि बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा तळहात अलगद स्पीकरवर ठेवला. डोळे मिटले. क्षणभरानं हात काढला. "नुसता थरथरतोय. अंगात जोर न्हाई," तो म्हणाला. दुसऱ्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. तिसऱ्यावर मात्र हात टेकला तो निघेचना. कुणीतरी बाई गात होती. सूर्यभानची बोटं एकेक करून हलायला लागली, कुठे दाबत, कुठे उचलत, आणि ती बरोबर तालावर हलत होती. छबूबाई बघतच राहिली. वीस वर्षं ज्या हाताला भाकरी वाढली तो हात आज तिला नव्यानं दिसत होता.

"यो," सूर्यभान म्हणाला. "पर ह्याला त्यो पलीकडचा मोठा स्पीकर जोडा. लाकडाच्या खोक्यातला."

काकासाहेबांनी जोडला, आणि त्यांनी आ वासला. पहिल्या रेडिओच्या निम्म्या किमतीतला तो जुना डबा असा घुमला, की रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत डोकावली. "अहो, तीस वर्षं मी याच धंद्यात आहे," ते म्हणाले. "हे मलाही सुचलं नव्हतं."

सूर्यभानला यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यानं सवयीनं उपरणं काढलं, काकासाहेबांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं धरून आपला आकडा सांगितला. काकासाहेब बिचारे गडबडले. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनीही प्रेमानं हात दाबला. सूर्यभान खूश झाला. सौदा झाला होता! छबूबाईनं ओशाळून सगळं समजावलं, तेव्हा काकासाहेब पोट धरधरून हसले. "राहू द्या बाई, त्याच भावात न्या," ते म्हणाले. "असा पारखी पुन्हा कधी यायचा?"

बाजाराच्या दिवशी साडेबाराला जीपभोवती ही गर्दी जमली. दलालाची पोर रेडिओवर गाणार म्हणजे काय! सगळ्यात पुढं आसाराम, सूर्यभानचा जुना प्रतिस्पर्धी. निवेदकानं पुष्पावतीचं नाव घेतलं. सूर्यभान छबूबाईकडं बघत होता. सुरू झालं, अशी तिनं मान हलवली. चारचौघांदेखत, काही न लपवता, त्यानं दोन्ही तळहात स्पीकरवर ठेवले.

"सूर्यभान, हात काढ की!" आसाराम ओरडला. "आवाज दबतोय!"

सूर्यभान हलला नाही. आसाराम पुन्हा ओरडला, अगदी कानाशी. तरी नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक चिमटा काढला असता तर भागलं असतं, पण छबूबाईचा हात उठला नाही.

"त्यास्नी हातानंच ऐकू येतं," ती मोठ्यानं म्हणाली. "चार वर्सं झाली. आता गप ऱ्हावा, पोरगी गातीया."

बाजार गप्प झाला. आसारामनं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. त्या शांततेत पुष्पावतीचा आवाज स्वच्छ घुमत राहिला, आणि सूर्यभानची बोटं त्याच्यामागून चालत राहिली. छबूबाईला वाटलं, आपण दोन चांगल्या कानांनी ऐकतोय खरं, पण यांना जे मिळतंय ते आपल्याला मिळत नाही.

गाणं संपल्यावर लोकांनी वाहवा केली. सूर्यभानचा चेहरा मात्र उतरला होता. "दुसऱ्या कडव्याला रडली ती," तो म्हणाला.

"कायतरीच. किती झ्याक म्हनली!" छबूबाई त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली. पण तो मान हलवत राहिला.

त्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांनी दलाल बदलला. बाकीचे टिकले. पुढं पुष्पावती सुट्टीला घरी आली तेव्हा छबूबाईनं तिला सहज विचारलं, "का गं, गाताना रडली व्हतीस व्हय?"

पुष्पावतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुला कुणी सांगितलं? तिथं स्टुडिओत पण कुणाला कळलं नव्हतं."

"पर रडलीस कशापायी?"

"आप्पांच्या कानांचं मला ठाऊक होतं आई, कवाधरनं," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याला मनात आलं, समदं गाव ऐकंल, फक्त आप्पांना ऐकू येणार न्हाई."