बेण्याचं पोतं

मानवतच्या बाजाराला जाणारा टेम्पो पेडगावच्या मळ्यात उभा होता आणि रुद्राणी अळकुड्यांच्या, अळूच्या कंदांच्या, पोत्यावर बसली होती. उठायला तयार नव्हती.

"सूनबाई, पोतं सोड," सांबप्पा म्हणाले. सासऱ्याचा आवाज चढला नव्हता, तरी तिनं पोत्याची गाठ घट्ट धरली.

"मामा, हे थोरले गड्डे बेण्याला, लावायला ठिवू. दरसाल मोठा माल बाजारात जातो अन् आपण बोराएवढी पिल्लं लावतो. अळू गुडघ्याच्या वर जायना, खाली काय लागंल?"

"माझ्या बापानं पिल्लंच लावली."

"तवाची पिल्लं केवढी होती?"

टेम्पोवाला दुसरीकडं बघायला लागला. तिचा नवरा श्रीशैल मान खाली घालून उभा. शेवटी सांबप्पांनी बाकीची पोती चढवायला लावली.

"विहिरीकडच्या चार सऱ्या तुझ्या. उगवलं न्हाई तर पुढं मळ्यात बोलायचं न्हाई."

फाल्गुनात लागवड झाली. गड्डे पुरेनात, म्हणून रुद्राणीनं दोन सऱ्यांत आख्खे लावले आणि उरलेल्या दोन सऱ्यांत कापून तुकडे लावले. सांबप्पांनी बांधावरून ते पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून ते तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

चैत्र लागला. सांबप्पांच्या पिल्लांना पानं फुटली, बारीक पण हिरवी. रुद्राणीच्या सऱ्या कोऱ्याच. तिला धीर धरवेना. एका सकाळी तिनं बोटांनी माती उकरली. तुकडा हाताला लागला तो लिबलिबीत, कुजका वास मारणारा. शेजारचाही तसाच. ती पुढचा तुकडा उकरायला वाकली.

"पल्याडच्या सरीत बघ. तिथं आख्खे लावलेस तू."

मागं सांबप्पा उभे होते.

पल्याड मातीच्या तोंडाशी अंगठ्याएवढा जाड कोंब आला होता.

"कापल्यावर राख लावून सावलीत सुकवावं लागतं," ते म्हणाले. "मला ठावं होतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

ते विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.

पुढं आख्ख्या गड्ड्यांचं अळू कमरेला लागलं. भादव्यात काढणी झाली तेव्हा तिच्या एकेका झाडाखाली सांबप्पांच्या तीन झाडांइतका माल निघाला. कुजलेल्या दोन सऱ्या मात्र रिकाम्याच राहिल्या होत्या. ढिगातले थोरले गड्डे सांबप्पांनी कुणी न सांगता बेण्यासाठी बाजूला काढले.

रुद्राणीला बरं वाटलं, पण मनातला सल गेला नाही.

"मामा," ती म्हणाली, "ठावं असंल ते आधी सांगत जा."

सांबप्पा हातातल्या गड्ड्याची माती झाडत राहिले.

"सांगतो," ते म्हणाले.