पाठीवरचं ऊन

मित्रांनो, मी जुनी आहे, आणि मला बिस्नागा म्हणतात. पिंपासारखं गोल, काटेरी निवडुंग असतं ना, तीच मी. मेक्सिकोतल्या केरेतारोच्या एका कोरड्या डोंगरउतारावर मी लहानाची मोठी झाले. आज ज्या अंगणात बसले आहे, ते काही माझं घर नव्हे. इथे मला प्रेमाने आणलं, आणि त्या प्रेमापायीच माझी पाठ भाजली. ते कसं झालं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझं बी एका मुंगीने ओढत नेलं आणि मेस्कीतच्या झुडपाखाली टाकून दिलं. तिला ते जड झालं असावं. त्या झुडपाच्या सावलीत मी हरभऱ्याएवढी झाले, मग लिंबाएवढी. आमची वाढ भारी संथ. बकरीचं पिल्लू म्हातारं होतं, तरी मी आपली जवळजवळ तेवढीच! पुढे झुडूप वाळून पडलं, पण तोवर मी ऊन अंगावर घ्यायला शिकले होते.

पाऊस आला की माझी वरच्यावर पसरलेली मुळं घाईघाईने पाणी पितात. अंगावरच्या घड्या उलगडतात आणि मी टम्म फुगते. मग तेच पाणी पुढचे कोरडे महिने पुरवून पुरवून वापरते. दिवसभर मी तोंड मिटून बसते, श्वास घ्यायचा तो अंधार पडल्यावर. काटे राखणीला आहेतच, पण त्यांची जाळीदार सावलीही मला मिळते. आम्ही सगळ्याजणी दक्षिणेकडे थोड्या कललेल्या असतो, कारण आमच्याकडे सूर्य त्या अंगाने जातो. त्या बाजूची कातडी राठ होते. उत्तरेकडची पाठ मात्र कोवळीच राहते. तिने कडक ऊन कधी पाहिलेलंच नसतं.

क्रेसेन्सिया नावाची एक मुलगी उतारावर बकऱ्या चारायला यायची आणि माझ्या आडोशाला बसून जेवायची. माझ्या डोक्यावर लोकरीसारखा मऊ कापूस येतो. तो चिमटीचिमटीने नेऊन तिने एक उशी भरली. पुढे तिचा मुलगा निकान्द्रो त्याच उशीवर झोपून मोठा झाला आणि दूर मोन्तेर्रे शहरात कामाला गेला. मला त्या उशीचा फार अभिमान वाटे.

माझ्या शेजारणी मात्र एकेक करून गेल्या. आमचा गर साखरेत शिजवून वड्या करतात, तुमच्याकडच्या कोहळ्याच्या पेठ्यासारख्या. जानेवारीत येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या गोड पावावर त्या हव्यातच, असं जुनी माणसं म्हणतात. आता आम्हाला तोडायला बंदी आहे, तरी चोरून नेणाऱ्यांचे ट्रक येतातच.

मग दुष्काळ पडला. बकऱ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. एका सकाळी क्रेसेन्सियाचा नवरा फिदेन्सिओ कोयता घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. काटे जाळायचे आणि मला फोडून बकऱ्यांपुढे घालायचं, असा त्याचा बेत होता. मला पळता येत नाही, ओरडता येत नाही. मी फार घाबरले.

तेवढ्यात क्रेसेन्सिया धापा टाकत आली. “कोयता खाली ठेव, म्हाताऱ्या!”

“मग बकऱ्यांना काय घालू? तुझी बडबड? या दुष्काळात तेवढीच आटलेली नाही.”

“हिला हात लावलास तर आजपासून स्वतःच्या भाकऱ्या स्वतः थाप.”

“तू लग्न माझ्याशी केलंस की या काटेरी बयेशी?”

“हिची ओळख तुझ्या आधीची आहे. शिवाय ही घोरत नाही.”

फिदेन्सिओ हसला आणि खालीच बसला. “बरं, मी सोडलं. पण ट्रकवाले सोडतील का?”

“मग घरी नेऊ तिला,” ती म्हणाली.

निम्म्या बकऱ्या विकाव्या लागल्या, पण मला कोणी फोडलं नाही. मुळांभोवती खणून, गोणपाटात गुंडाळून, गाढवाच्या गाडीवर मला खाली आणलं. अंगणात खड्डा तयार होता. शेजारीण रेमिहिया ही निकान्द्रोची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई; म्हणून ती आणि क्रेसेन्सिया एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतात. ती म्हणाली, “कोमाद्रे, हिचा कल दाराकडे करा. आल्यागेल्याला वाकून नमस्कार करतेय असं दिसेल.”

सगळ्यांना ते फार आवडलं. दार माझ्या उत्तरेला होतं. त्यांनी मला तशीच, उलटी बसवली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन माझ्या कोवळ्या पाठीवर पडलं. मित्रांनो, ते दुःख शब्दांत सांगता येत नाही. पाठ आधी फिकी पडली, मग पिवळी, मग तपकिरी. क्रेसेन्सियाला वाटलं, बिचारीला तहान लागली आहे. मका शिजवल्यावर उरलेलं पाणी ती रोज माझ्या बुंध्याशी ओतू लागली. वरून पाठ भाजत होती आणि खाली मुळं कुजू लागली होती. ती मायेने म्हणायची, “पी गं बाई, पी.” मी काय बोलणार!

एका संध्याकाळी फिदेन्सिओ उंबऱ्यात बसून उताराकडे पाहत होता. तिथे उरलेल्या चारदोन बिस्नागा दिसत होत्या. तो एकदम उठला.

“अगं, इकडे ये. त्या बघ, सगळ्या तिकडे झुकल्यात. आपलीच एकटी इकडे कशी?”

क्रेसेन्सियाने उताराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं.

“नमस्कार करतेय म्हणालो आपण,” ती हळूच म्हणाली. “आणि तिची पाठ उन्हात दिली.”

पुन्हा खणून फिरवलं असतं तर उरलीसुरली मुळंही तुटली असती. म्हणून फिदेन्सिओने चार काठ्या रोवून माझ्या पाठीमागे चटई बांधली. पाणी बंद झालं. पण आमची भाजलेली कातडी पुन्हा हिरवी होत नाही. कूज थांबली की नाही, ते अजून मलाही ठाऊक नाही.

वाऱ्याने चटई सरकते. क्रेसेन्सिया रोज ती नीट करते. काल ती तेच करत असताना निकान्द्रोचा फोन आला.

“आई, बाकीच्या बकऱ्याही विका आणि इकडे या. तुमच्यासाठी खोली तयार आहे. पंखा आहे, नळाला पाणी आहे. तुला काही कमी पडू देणार नाही.”

ती माझ्या तपकिरी पाठीकडे बघत राहिली. “तुझी माया कळते रे बाळा. पण त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते?”



“खिडकी नाहीये, आई,” तो म्हणाला.

ती जाणार की राहणार, तिने अजून सांगितलेलं नाही. ती गेली तर माझी चटई कोण नीट करणार, या विचाराने मी अस्वस्थ होते. आणि तिला तिकडे बसवतील तेव्हा तिच्या पाठीचं काय, या विचाराने त्याहून जास्त.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कोणाला प्रेमाने आपल्या घरी न्याल. रोप असेल, जनावर असेल, नाहीतर तुमचं म्हातारं माणूस. नेण्याआधी त्याच्या जागी जाऊन त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा. ते आजवर कोणीकडे तोंड करून जगलं, तेवढं बघून ठेवा. मग उचला.