कमानीचा टेकू

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या ह्यांनी गावाबाहेरच्या जुन्या चर्चच्या दाराची कमान पुन्हा उभी केली. विटा त्याच, पातळ, हाताने थापलेल्या. काहींवर थापणाऱ्याची बोटं अजून दिसायची. कमान मधोमध खचली होती. ह्यांनी एकेक वीट सोडवली, मी ती घासून धुतली, चुना मळून दिला, आणि खाली लाकडी टेकू देऊन त्यांनी सगळी कमान परत रचली. मधली शेवटची वीट बसवून शिडीवरून उतरताना त्यांना धाप लागली, ती लागलीच.

चुना सावकाश धरतो. टेकू तसाच ठेवून आम्ही इस्पितळ गाठलं.

आमच्या घरात एक रीत आहे. टेकू काढताना बांधणाऱ्याने कमानीखाली उभं राहायचं. त्याचाच स्वतःच्या हातावर भरवसा नसेल, तर लोकांनी त्या दारातून का जावं, असं सासरे म्हणायचे. ह्यांनी खाटेवरूनही तेच लावलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी धाकट्या भावाला दम.

"मी आल्याशिवाय टेकूला हात लावू नकोस."

"दादा, तू तुझं बघ," दीर म्हणाला. "कमान काही पळून जात नाही."

"तू बांधली असतीस तर गेली असती."

मग एका सकाळी ह्यांनी माझा हात धरला. आवाज अगदी बारीक. "टेकू काढा आता. बास झालं."

आपल्याच्याने आता तिथवर जाणं होत नाही हे त्यांनी ओळखलं, असं मला वाटलं. "मी उभी राहते तुमच्या जागी," म्हटलं.  ते माझा हात काही सोडेनात. मीच सोडवून घेतला. थोरल्या लेकीला जवळ बसवलं आणि दिराला घेऊन निघाले.

"वहिनी, बाजूला व्हा," हातोडा उचलून दीर म्हणाला. "पडली बिडली तर?"

"तर शेवटच्या प्रार्थनेला लांब जावं लागणार नाही. ठोका."

पाचरी निघाल्या, फळ्या खाली आल्या. वर बारीक कुरकुरलं, चिमूटभर चुना माझ्या केसांत पडला. कमान जागची हलली नाही. फादर तिच्याखालून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले.

मी केस झटकले नाहीत. ह्यांना दाखवायचे होते.

थोरली इस्पितळाच्या जिन्यातच बसली होती. "तू गेलीस आणि बाबांनी मास्क ओढून काढला," ती म्हणाली. "मी परत लावायला गेले तर म्हणाले, हा टेकू गं, हा. आईला बोलाव. मी फोन लावला. तुझा फोन खाटेवरच वाजला."

आमचे हे त्या दिवशी दुपार व्हायच्या आत गेले. धाकटीची जुळी तेव्हा नुकती बसायला लागली होती.