तोंड शिवलेली पट्टी

लढाई संपून वर्ष झालं होतं, पण कापड अजून कंट्रोलवरच मिळायचं. त्या दिवसांत सांगलीचे लालासाहेब साताऱ्यात माझ्या दुकानी आले. हळदीचे व्यापारी. नखांत कायम हळद. बरोबर त्यांचा होणारा जावई, लेक उमाचा नवरदेव, मधू होता. लष्करात लॉरी चालवून नुकताच घरी आलेला. नवरदेवाचा पोशाख मुलीकडून द्यायचा असतो, म्हणून लालासाहेबांनी राखी रंगाचं उंची कापड काखेतून आणलं होतं.

"कुतुबुद्दीन मास्तर, कोट आन् पाटलोण. आन् पाटलोणीला खाली भाईर दुमडलेली पट्टी पायजे. चांगली तीन बोटं रुंद. मांडवात लोकांना दिसू दे, आमी कापडात हात आखडला न्हाई."

मी माप घेतलं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाइकागणिक मी वर्तमानपत्राच्या कागदाची एक फीत कापायचो आणि कंबर, लांबी, पायाशी मोहरीचा घेर जिथं येईल तिथं कात्रीनं खाच मारायचो. पट्टी हवी असली की फितीचं टोक दुमडायचं, नको असली की तसंच सोडायचं. मधूच्या फितीचं टोक दुमडून मी ती खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी मधू एकटाच आला.

"मास्तर, पट्टी नको. पाटलोण खाली साधीच ठेवा."

"आवं, काल तुमच्या सासऱ्यांसमोर का न्हाई बोलला?"

"घालणार मी हाय. ते न्हाईत."

"कापड त्यांचं हाय."

मग तो दुकानातच दारापासून मशीनपर्यंत चालून दाखवू लागला. लॉरी उलटली तेव्हा त्याचा डावा पाय मोडला होता. जुळला, पण पाऊल पुरतं उचलायचं नाही, ओढल्यासारखं पुढं यायचं. पुण्यात पट्टीची पाटलोण घालून परेडला गेला, तर डाव्या बुटाचं टोक उजव्या पायाच्या पट्टीच्या वरच्या उघड्या तोंडात शिरलं आणि सगळ्यांदेखत तो पालथा पडला.

"मांडवात अक्षता पडायच्या आधी मीच पडायचो," तो म्हणाला. हसला, पण कान लाल झाले होते.

"सासऱ्यांना पायाचं ठावं न्हाई?"

"पायाचं ठावं हाय. उमालाबी ठावं हाय. पडतो, ते ठावं न्हाई."

मी बरं म्हणालो आणि तो गेल्यावर पेचात पडलो. पट्टी नाही दिसली तर लालासाहेब काय म्हणतील ते मला न सांगता कळत होतं. कापड मारल्याचा कलंक आमच्या धंद्याला जुनाच. शिंप्याच्या पोराच्या टोपीकडं बघून गावाला कळतं, गेल्या महिन्यात कुणाचा कोट शिवला. कंट्रोलच्या दिवसांत तर फारच. मधूचं कारण सांगावं, तर ते त्याचं गुपित. ते माझं नव्हतं.

जेवताना मी बायकोला, अकिलाला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय कुठं अडकतो?"

"पट्टीच्या तोंडात."

"मग तोंड शिवून टाका की."

मी हसलो. पट्टीचं तोंड कुणी शिवतं का? दोन्ही बाजूंच्या शिवणीवर एकेक टाका घालायचा आणि पट्टी मोकळी ठेवायची, तेच काम चांगलं. तोंड शिवलेली पट्टी दुसऱ्या शिंप्यानं पाहिली असती तर मला जन्मभर चिडवलं असतं. पण पाणी पिऊन होईतो माझं हसू गेलं होतं; पट्टी दिसली असती आणि बूटही अडकला नसता.

पाटलोण शिवली. तीन बोटांची पट्टी दुमडली आणि राखी रेशमाच्या धाग्यानं तिची वरची कड हातानं सगळीकडून शिवली. टाके इतके बारीक, की बोट फिरवल्यावरच कळावेत. दोन पायांना दोन दिवस लागले.

ठरल्या दिवशी सासरा-जावई दोघं आले. मधूनं पाटलोण घातली आणि पट्टी बघून माझ्याकडं असं पाहिलं, की मी खाली बघितलं. लालासाहेब मात्र खूश. खाली बसून त्यांनी पट्टीला हात लावला आणि बोट आत घालायला गेले. बोट जाईना.

"मास्तर, हे तोंड का शिवलं?"

"नवी तऱ्हा हाय, लालासाहेब," मी म्हणालो. माझं मलाच ते पटलं नाही.

"कसली तऱ्हा? आतनं कापड कापून काढलं की काय?"

तेव्हा मधू बोलला. "कापड सगळं आत हाय, मामा. माझा पाय पट्टीत अडकतो. मी पडतो. मीच पट्टी नको म्हणलो होतो."

लालासाहेब खालीच बसून राहिले. एकदा मधूच्या बुटाकडं पाहिलं, एकदा पट्टीकडं.

"मंग मला का न्हाई सांगितलंस, गड्या?"

"तुमची हौस हुती."

"माझी? मी जल्मात धोतर सोडलं न्हाई. मला पट्टीतलं काय कळतंय? मिलिटरीच्या माणसाला आवडत असंल म्हणून म्हणलो." ते उठले, माझ्याकडं वळले. "मास्तर, उसवा ती. साधीच ठेवा."

माझी बोटं त्या शब्दानंच दुखली. पण मधू दारापर्यंत चालत गेला होता. परत आला. पुन्हा गेला. डावा बूट दर खेपेला पट्टीला घासायचा आणि सरकून पुढं यायचा.

"राहू द्या," तो म्हणाला. "झ्याक हाय."

लग्न सांगलीत झालं. मी आणि अकिला गेलो होतो. सगळे नवरीकडं बघत होते, मी नवऱ्याच्या पायांकडं. मांडवाच्या दारात बूट पट्टीला लागला, मी टाचा उंचावल्या. बूट सरकला. मधू आत गेला आणि बोहल्यापर्यंत नीट चालला. माझ्या शेजारी लालासाहेब उभे होते. त्यांची नजरही खालीच होती.

"बूट निसटला बरं का," ते हळूच म्हणाले.

पुढच्या महिन्यात सांगलीचे तिघे जण कापड घेऊन साताऱ्याला आले. म्हणाले, लालासाहेबांच्या जावयासारखी पट्टी पाहिजे, तोंड शिवलेली. पाय तिघांचेही धड होते. मी कारण विचारलं नाही. त्यांच्या फितींची टोकं दुमडली आणि खूण म्हणून प्रत्येकावर सुईनं एक टाका घातला. पुढं उतारवयात मी लिहायला शिकलो, मापं वहीत लिहू लागलो, तरी त्या पट्टीसाठी वहीच्या कागदाला टाकाच घालत आलो.